विश्लेषण : जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जुळलेला चावा किती वर्षे टिकतो?

समाजमाध्यमांवर जबड्याच्या शस्त्रक्रियेची ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे सध्या भरपूर दिसतात. त्यातले ‘नंतर’ म्हणजे नेमके किती महिन्यांनंतर, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. खरे तर या उपचारात सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. कारण जबडा हलवणे हे आता बऱ्यापैकी हातखंडा झालेले काम आहे. तो हलवलेल्या जागी राहील का, हा त्यापुढचा प्रश्न. त्याचे उत्तर जबडा कोणत्या दिशेला, किती आणि कोणाचा हलवला यावर अवलंबून असते. हे उत्तर वैद्यकीय साहित्यात बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहे. ते रुग्णापर्यंत शस्त्रक्रियेच्या आधी पोहोचायला हवे.

ही शस्त्रक्रिया कोणाला लागते?

दात वेडेवाकडे असतील तर तारा लावून ते सरळ करता येतात. पण काही जणांचा दोष दातांत नसतो, हाडांत असतो. खालचा जबडा वरच्यापेक्षा बराच पुढे आलेला असतो किंवा फार मागे राहिलेला असतो. काहींचा वरचा जबडा अरुंद असतो. काहींचा चेहरा लांबट असतो आणि दाढा टेकल्या तरी पुढचे दात एकमेकांना भिडत नाहीत. दंतवैद्यकात याला ‘ओपन बाइट’ म्हणतात. अशा व्यक्तीला भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही, काही उच्चार नीट येत नाहीत. खालचा जबडा फार मागे असलेल्या काहींना झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही असतो.

दोष थोडा असेल तर दातांची दिशा बदलून तो झाकता येतो. मोठा असेल तर हाडच हलवावे लागते. या शस्त्रक्रियेला ‘ऑर्थोग्नॅथिक’ शस्त्रक्रिया म्हणतात. त्यात दातांच्या तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मुख व जबड्याचे शल्यचिकित्सक असे दोघे मिळून काम करतात. साधारणपणे आधी वर्ष-दीड वर्ष तारा, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर आणखी सुमारे सहा महिने तारा असा क्रम असतो. म्हणजे दोन वर्षे सहज जातात. खासगी रुग्णालयांत हा खर्च लाखांच्या घरात असतो. एवढा वेळ आणि पैसा घातल्यावर निकाल टिकावा, ही अपेक्षा वाजवीच आहे.

जबडा हलवतात कसा?

खालच्या जबड्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तिच्यात जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना दाढांच्या मागे उभे चिरतात. पुस्तकाची दोन पाने एकमेकांवरून सरकवावीत तसे हाडाचे दोन थर एकमेकांवरून सरकवता येतात. त्यामुळे जबडा पुढे नेला किंवा मागे घेतला तरी हाडाला हाड भिडलेले राहते आणि ते जुळून येते. वरच्या जबड्यासाठी दातांच्या मुळांच्या वर आडवा छेद घेतात. या छेदाला ‘ल फोर्ट १’ असे नाव आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक रेने ल फोर्ट यांनी १९०१ मध्ये चेहऱ्याचे हाड आघाताने कोणत्या रेषांवर मोडते याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या एका रेषेवरच हा छेद घेतला जातो.

पूर्वी हे तुकडे तारेने बांधत आणि हाड जुळेपर्यंत सुमारे सहा आठवडे दोन्ही जबडे एकमेकांना बांधून ठेवत. तोंड उघडायची सोय नसे, आहार पूर्ण पातळ. नंतर टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रू आले. त्यांनी रुग्णाचे हाल कमी केले, तोंड लवकर उघडता येऊ लागले आणि काही प्रकारच्या शस्त्रक्रियांचा टिकाऊपणाही वाढला. इथेच एक गैरसमज रुजला : धातूची पट्टी बसवली म्हणजे जबडा कायमचा पक्का झाला. पट्टीचे काम हाड जुळेपर्यंत तुकडे धरून ठेवण्याचे आहे. पुढची अनेक वर्षे जबड्यावर जो भार येतो, त्याचा हिशेब पट्टी करू शकत नाही.

‘टिकला’ हे मोजतात कसे?

शस्त्रक्रियेनंतर काही अंशी किंवा पूर्ण जुन्या स्थितीकडे सरकणे याला ‘रिलॅप्स’ म्हणतात. ते नुसत्या आरशात पाहून कळत नाही. डोके ठरावीक स्थितीत स्थिर ठेवून बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रावर, म्हणजे सेफॅलोग्रामवर, कवटीतले ठरावीक बिंदू धरून अंतरे मोजतात. शस्त्रक्रियेआधी, लगेच नंतर, एका वर्षाने आणि शक्य असेल तर पाच वर्षांनी अशी चित्रे एकमेकांवर ठेवून पाहिली, की जबडा किती मिलिमीटर आणि कोणत्या दिशेने सरकला ते दिसते.

या मोजमापासाठी जगभर वापरली जाणारी पट्टी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील गटाने दिली. विल्यम प्रॉफिट, टिमोथी टर्व्ही आणि सीब फिलिप्स यांनी १९९६ मध्ये शस्त्रक्रियांची टिकाऊपणानुसार उतरंड मांडली आणि २००७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबात दोन मिलिमीटरपेक्षा कमी बदल हा फारसा महत्त्वाचा नाही, कारण तेवढा बदल दात सामावून घेतात किंवा तारांनी तो सुधारता येतो. दोन ते चार मिलिमीटरचा बदल दखल घेण्याजोगा. चार मिलिमीटरच्या पुढचा बदल अनेकदा तारांच्या आवाक्याबाहेरचा.

कोणता बदल टिकतो आणि कोणता नाही?

या उतरंडीतली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ती ‘जबड्याची शस्त्रक्रिया’ असा एकच ठोकळा मानत नाही. दिशा बदलली की भरवसाही बदलतो.

सर्वांत वर, म्हणजे सर्वाधिक टिकाऊ, आहे वरचा जबडा वर उचलणे. त्याच्या जवळपासच खालचा जबडा पुढे नेणे येते, मात्र चेहऱ्याची उंची कमी किंवा सर्वसाधारण असेल तर. हनुवटीच्या टोकाची जागा बदलणेही याच गटात मोडते. या गटात महत्त्वाचा बदल न होण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानली जाते. त्याखालच्या पायरीवर वरचा जबडा पुढे नेणे आहे. तिथे ही शक्यता ८० टक्क्यांच्या पुढे. त्यानंतर येतात एकाच वेळी दोन्ही जबडे हलवण्याच्या काही जोड्या. वरचा वर उचलून खालचा पुढे नेणे किंवा वरचा पुढे आणून खालचा मागे घेणे. या जोड्या टिकतात, पण पट्ट्या-स्क्रूंनी पक्क्या केल्या तरच.

सर्वांत खाली, ‘अडचणीच्या’ म्हणून नोंदलेल्या तीन शस्त्रक्रिया आहेत : फक्त खालचा जबडा मागे घेणे, वरचा जबडा खाली आणणे आणि वरचा जबडा रुंद करणे. यांत थोडाफार रिलॅप्स अपेक्षितच असतो आणि मोठ्या रिलॅप्सची शक्यताही असते. पट्ट्या बसवूनही.

‘जबड्याच्या शस्त्रक्रियेचा निकाल कायमचा असतो’ हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. तो कोणाच्या बाबतीत खरा आणि कोणाच्या बाबतीत नाही, हे शस्त्रक्रियेच्या आधीच बऱ्याच प्रमाणात सांगता येते. तरीही एकच आश्वासन सर्वांना दिले जात असेल, तर ते चूक आहे.

हाड जुळले, मग जबडा मागे का सरकतो?

हाड एकटे नसते. त्याला स्नायू, अस्थिबंध, त्वचा, टाळूचे आवरण आणि जीभ अशा सगळ्यांची ओढ असते. हाडाची जागा एका दिवसात बदलली तरी या मऊ ऊतींना ती सवय एका दिवसात होत नाही. कोणत्या शस्त्रक्रियेत ही ओढ वाढते आणि कोणत्या शस्त्रक्रियेत ती सैल पडते, यावरून उतरंडीचा बराचसा उलगडा होतो.

वरचा जबडा वर उचलला की आजूबाजूच्या ऊती सैल पडतात. खालचा जबडा आपोआप थोडा वर मिटतो आणि स्नायू या नव्या उंचीशी लवकर जुळवून घेतात. ताण नाही, म्हणून मागे खेचणारे बलही नाही. ओपन बाइटच्या अनेक रुग्णांत फट पुढच्या दातांत दिसत असली तरी इलाज वरच्या जबड्याचा मागचा भाग वर उचलण्यात असतो, त्याचे एक कारण हेच.

वरचा जबडा खाली आणला की चित्र उलटे होते. हाडांमध्ये पोकळी राहते, तिथे बहुतेकदा हाडाचा तुकडा भरावा लागतो, आणि प्रत्येक घासाला चावण्याचे बल त्या जबड्याला पुन्हा वर ढकलत राहते. रुंद केलेल्या जबड्यात टाळूचे जाड आवरण ताणले जाते आणि रबरासारखे परत आकसू पाहते. म्हणून अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर बरेच महिने टाळूला आधार देणारी पट्टी किंवा तार ठेवावी लागते. ती गैरसोयीची वाटते म्हणून लवकर काढून घेण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये, तो यासाठी.

खालचा जबडा मागे घेतल्यावर होणारा बदल थोडा वेगळा आहे. शस्त्रक्रिया करताना दातांचा भाग मागे ढकलला जातो, तेव्हा कानाजवळचा जबड्याचा उभा भागही नकळत थोडा मागे कलतो. रुग्ण चावू लागला की स्नायू त्या उभ्या भागाला त्याच्या मूळ कलाकडे आणतात आणि त्याच्याबरोबर हनुवटी पुढे येते. यात स्क्रू सुटलेला नसतो, हाडही नीट जुळलेले असते. शस्त्रक्रियागृहात उभ्या भागाची जागा किती काटेकोर राखली, यावर पुढचा निकाल ठरतो.

दोन्ही जबड्यांची शस्त्रक्रिया सुचवणे म्हणजे बिल वाढवणे का?

हा प्रश्न अनेक कुटुंबांत विचारला जातो. दिसायला दोष फक्त खालच्या जबड्याचा असतो आणि डॉक्टर दोन्ही जबड्यांबद्दल बोलू लागतात. संशय येणे स्वाभाविक आहे. पण अनेक प्रकरणांत त्यामागे ठोस कारण असते. पुढे आलेल्या खालच्या जबड्याच्या बऱ्याच रुग्णांत वरचा जबडाही मागे राहिलेला असतो. सगळा फरक खालचा जबडा मागे घेऊन भरून काढला, तर ती उतरंडीतली सर्वांत तळाची शस्त्रक्रिया ठरते. शिवाय जबडा फार मागे घेतल्यास जिभेमागचा श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. फरक दोन्ही जबड्यांत वाटून घेतला तर प्रत्येकाला कमी हलवावे लागते आणि टिकाऊपणाही वाढतो.

म्हणजे संशय दूर करण्याचा मार्ग सोपा आहे. डॉक्टरांनी ‘दोन्ही करावे लागतील’ एवढेच न सांगता ‘एकच केला तर किती मागे येण्याची शक्यता, दोन्ही केले तर किती’ हे सांगावे. हा तपशील देण्यासाठी दहा मिनिटे पुरतात.

पहिल्या वर्षानंतर धोका संपतो का?

बराचसा बदल पहिल्या वर्षात होतो. शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरणे, हाड जुळणे, स्नायूंनी नवी लांबी स्वीकारणे हे सगळे त्याच काळात घडते. चॅपल हिलच्या नोंदींत एक लक्षणीय गोष्ट आढळली. पुढे आलेल्या जबड्याच्या रुग्णांत पहिल्या वर्षानंतर फारसे बदल होत नाहीत. उलट मागे असलेला जबडा पुढे आणलेल्या काही रुग्णांत पहिल्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान हळूहळू बदल होत राहतात. म्हणजे सुरुवातीला जो गट जास्त भरवशाचा दिसतो, त्याच्यातल्या काहींना पुढे जास्त लक्ष लागते.

त्याचे एक कारण जबड्याच्या सांध्यात असते. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडले की हलताना जाणवते, ते जबड्याचे गोलसर टोक म्हणजे कॉन्डाइल. काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरच्या काळात हे टोक झिजून लहान होते. मग जबड्याची उंची घटते, हनुवटी मागे जाते आणि पुढचे दात पुन्हा उघडे पडू लागतात. हे सर्वांना होत नाही. तरुण स्त्रिया, लांबट चेहरा आणि तीव्र उताराचा खालचा जबडा असलेले रुग्ण, जबडा फार पुढे न्यावा लागलेले रुग्ण आणि आधीपासून सांध्याचा त्रास असणारे यांच्यात ते जास्त आढळते. म्हणूनच सांध्यात आवाज येतो का, दुखते का, याची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी नोंदवून ठेवणे आवश्यक असते.

दुसरे कारण वाढीचे. खालचा जबडा शरीराच्या वाढीत सर्वांत शेवटपर्यंत वाढणाऱ्या भागांपैकी एक. मुलींमध्ये ही वाढ साधारणपणे पंधरा ते सतरा या वयात थांबते, मुलांमध्ये अठरा किंवा त्याही पुढे चालू राहू शकते. पुढे आलेल्या जबड्याची शस्त्रक्रिया वाढ थांबण्याआधी उरकली, तर उरलेली वाढ सगळ्या कामावर पाणी फिरवते. याला रिलॅप्स म्हणणेही बरोबर नाही, ती वेळ चुकलेली असते. ‘बारावीच्या सुट्टीत उरकून घेऊ’ किंवा ‘लग्न ठरायच्या आत होऊन जाऊ दे’ असे घरात ठरते. वाढ थांबली की नाही ते मात्र सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेल्या क्ष-किरण चित्रांच्या तुलनेवरूनच ठरवावे लागते.

जबडा जागेवर राहिला, तरी दात का हलतात?

जबड्याचे स्थैर्य आणि दातांचे स्थैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी दात काढून तारांचे उपचार घेतलेल्या, शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा केला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रिटेनर थांबवल्यानंतर किमान दहा वर्षांनी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांच्या खालच्या पुढच्या दातांची ओळ समाधानकारक राहिली नव्हती. कधीच उपचार न घेतलेल्यांतही वयानुसार खालचे पुढचे दात दाटीवाटीने बसू लागतात.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला यातून सूट नाही. उलट जबडा एक-दोन मिलिमीटर सरकला तर दात त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी कलतात. ही दातांची मदत चावा सांभाळते, पण ओळ बिघडवू शकते. म्हणून तारा निघाल्यावर रिटेनर लागतो : दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार किंवा काढता-घालता येणारे पारदर्शक कवच. तो किती काळ वापरायचा याचे प्रामाणिक उत्तर ‘दात जागेवर हवे असतील तोवर’ असे आहे. हे उत्तर उपचाराच्या पहिल्या दिवशी मिळाले तर पचते. दोन वर्षांनी मिळाले तर फसवणूक वाटते.

जीभ पुढे ढकलण्याची सवय आणि तोंडाने श्वास घेणे हेही तपासावे लागते. नाक चोंदलेले राहिले आणि तोंड कायम उघडे राहिले, तर जबडा कितीही नीट बसवला तरी त्याच्यावरचा जुना दाब कायम राहतो.

सर्वांत मोठा फटका कोणाला?

दुभंगलेले ओठ व टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांना. या मुलांच्या टाळूवर लहानपणीच शस्त्रक्रिया होते. त्या शस्त्रक्रियेचे व्रण कडक असतात आणि अनेकांचा वरचा जबडा पुढे पुरेसा वाढत नाही. मोठेपणी तो पुढे आणावा लागतो, तोही बऱ्याच अंतराने. व्रणाची ऊती ताणली जात नाही, ती मागे खेचते. त्यामुळे इतरांमध्ये ‘टिकाऊ’ म्हणून नोंदलेली हीच शस्त्रक्रिया या गटात रिलॅप्सला जास्त बळी पडते. अंतर फार असेल तर हाड कापून ते स्क्रूच्या यंत्रणेने रोज थोडे थोडे सरकवण्याची ‘डिस्ट्रॅक्शन’ पद्धत वापरली जाते. सोव्हिएत शल्यचिकित्सक गाव्रिल इलिझारोव्ह यांनी हातापायांच्या हाडांसाठी जे तत्त्व विकसित केले, तेच इथे लागू होते : हाड हळू वाढवले तर भोवतीच्या ऊतींनाही वाढायला वेळ मिळतो.

आता धोरणाकडे पाहू. केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यात दुभंगलेले ओठ व टाळू या जन्मजात दोषाचा समावेश आहे, ही मोठी सोय आहे. पण कार्यक्रमाची वयोमर्यादा आहे शून्य ते अठरा. जबड्याची शेवटची शस्त्रक्रिया मात्र वाढ थांबल्यावर, म्हणजे जवळपास याच वयाला किंवा त्यानंतर करायची असते. पहिल्या शस्त्रक्रियेपासून सरकारने ज्या मुलाचा हात धरला, तो शेवटच्या आणि सर्वांत नाजूक टप्प्यावर सुटतो. पुढच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्याचा तर विषयच येत नाही. निदान या एका दोषापुरती वयोमर्यादा वाढवणे आणि पाठपुरावा त्यात धरणे, ही फार महाग मागणी नाही. ज्यांना याची गरज आहे त्यांची नावे तपासणी पथकांच्या नोंदींत आधीपासून आहेत.

विमा, संमती आणि जाहिरात यांचे काय?

आरोग्य विम्याच्या प्रमाण अटींनुसार सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा डॉक्टरांनी प्रमाणित केलेली वैद्यकीय गरज हे अपवाद आहेत. जबड्याची शस्त्रक्रिया नेमकी या सीमेवर उभी असते. भाकरी तोडता न येणे ही वैद्यकीय गरज आहे की नाही, यावर दावे अडतात. ब्रिटनमध्ये यासाठी चावण्यातल्या कार्यात्मक अडचणीनुसार गरजेच्या श्रेणी ठरवणारा निर्देशांक वापरात आहे. आपल्याकडेही दंत महाविद्यालये आणि विमा नियामक यांनी अशी श्रेणी मान्य केली, तर प्रत्येक रुग्णाला नव्याने भांडावे लागणार नाही.

संमतीबाबत कायदा बराच स्पष्ट आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले, की संमती खरी ठरण्यासाठी उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न घेतल्याचे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णाला द्यायला हवी. दूरच्या, अपवादात्मक शक्यता सांगितल्याच पाहिजेत असे नाही. उतरंडीच्या तळाच्या शस्त्रक्रियांत रिलॅप्स ही दूरची शक्यता नाही. तो महत्त्वाच्या धोक्यांत मोडतो. खालच्या ओठाला बधिरता येऊ शकते हे संमतीपत्रात असते. तशीच ‘निकाल काही प्रमाणात मागे सरकू शकतो, त्याची शक्यता अशी’ ही ओळही असली पाहिजे. रुग्णाला समजेल अशा मराठीत.

जाहिरातीचा प्रश्न यातूनच सुटतो. छायाचित्रांवर बंदी घालण्याची गरज नाही, त्यांच्याखाली तारीख घालण्याची आहे. तिसऱ्या महिन्याचे छायाचित्र हे तिसऱ्या महिन्याचे म्हणून दाखवावे. ज्या रुग्णालयाकडे पाच वर्षांनंतरची छायाचित्रे आहेत, त्याने ती अभिमानाने लावावीत.

डॉक्टरांची बाजू काय?

तिच्यातही तथ्य आहे. पाच वर्षांनी रुग्ण परत येत नाहीत. पुण्यात किंवा नाशकात तारा लावलेली मुलगी नोकरीसाठी बेंगळूरुला जाते, मुलगा परदेशी शिकायला जातो. चावा ठीक असेल तर तपासणीला यायचे कारण त्यांना दिसत नाही. जे येतात त्यांच्यात तक्रार असलेले जास्त असतात, त्यामुळे नोंदीही एकांगी होतात. रिटेनर न वापरता ‘दात हलले’ म्हणून येणारेही कमी नाहीत. शिवाय रिलॅप्सचा बागुलबुवा करून गरजू रुग्णांना शस्त्रक्रियेपासून परावृत्त करणे हेही नुकसानच ठरेल. बहुसंख्य रुग्णांना या उपचाराचा चांगला आणि टिकाऊ फायदा होतो.

पण या अडचणींवर उपाय आहे. एक वर्षाची आणि पाच वर्षांची तपासणी उपचाराच्या मूळ शुल्कातच धरली, तर पैशांमुळे कोणी टाळणार नाही. शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची क्ष-किरण चित्रे डिजिटल स्वरूपात रुग्णाच्या हाती दिली, तर दुसऱ्या शहरातला तज्ज्ञही तुलना करू शकेल. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय अशा सार्वजनिक संस्थांनी एकत्रित नोंदवही सुरू केली, तर आपल्या रुग्णांचे, आपल्या चेहरेपट्टीचे आकडे काही वर्षांत हाती येतील. आज टिकाऊपणाबद्दल बोलताना बहुतेक आधार अमेरिका, युरोप आणि पूर्व आशियातील अभ्यासांचा घ्यावा लागतो.

शस्त्रक्रियेआधी रुग्णाने काय विचारावे?

कोणता जबडा, कोणत्या दिशेला आणि किती मिलिमीटर हलणार? या प्रकारचा बदल टिकण्याची शक्यता किती? वाढ थांबली आहे हे कशावरून ठरवले? सांध्याची तपासणी झाली का आणि तिची नोंद कुठे आहे? आधी शस्त्रक्रिया करून नंतर तारा लावण्याची पद्धत सुचवली असेल, तर ती या चाव्यासाठी योग्य का? या पद्धतीत एकूण काळ कमी होतो आणि चेहरा लवकर बदलतो, पण शस्त्रक्रियेच्या दिवशी दात एकमेकांवर पक्के बसत नसल्याने नियोजन अधिक काटेकोर लागते. रिटेनर किती काळ? तो तुटला तर किती दिवसांत यायचे? एक वर्षाची आणि पाच वर्षांची तपासणी शुल्कात आहे का? आणि जबडा मागे सरकलाच तर पुढचा उपाय काय, त्याचा खर्च कोणाचा?

ही यादी घेऊन गेलेल्या रुग्णाला अनुभवी डॉक्टर टाळणार नाहीत, कारण यातला प्रत्येक प्रश्न त्यांनी नियोजन करताना स्वतःलाही विचारलेला असतो. उत्तरे कागदावर मागून घ्यावीत आणि तो कागद पहिल्या एक्स-रेसोबत जपून ठेवावा. पाच वर्षांनी दोन्ही लागतील.